माळ्यावरचा संगणक



कमाटी बागेतील वस्तुसंग्रहालय तुम्ही सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिलेले आहे. तेथील देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि इजिप्तमधील ममी यांच्यापुढे आपली पावले आपोआप थबकतात. या वस्तू जशा आहेत तशा राखल्या, धूळ, ओल व वाळवी यांपासून जपल्या, की संग्रहालयाचे कर्तव्य पुरे होते. देवमाशाने पुन्हा पोहून दाखवावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु काही वस्तूंची गोष्ट निराळी असते. पेटी कोणी वाजवली नाही, तर ती केवळ लाकडाची खोकी होय. शिवणयंत्र चालले नाही, तर ते केवळ लोखंड होय. संगणक हा याच वर्गात मोडतो. तो बंद असता त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही.

जुने घरगुती संगणक जमविण्याचा आणि ते चालविण्याचा छंद आज जगात पुष्कळ ठिकाणी वाढीस लागला आहे. आमच्याही वाट्यास हा छंद अकस्मात आला. आमची घरची भाषा कोकणी, पदवी कलाशाखेची आणि व्यवसाय भाषा व इतिहास शिकविण्याचा. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार तो कितीसा! तथापि गेल्या काही महिन्यांत एका जुन्या यंत्राने आम्हाला आणि आमच्या विद्यार्थ्यांना जे शिकविले, ते सर्वांपुढे मांडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

घरगुती संगणक म्हणजे काय?

प्रारंभी संगणक ही मोठमोठ्या कचेऱ्यांची, विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची मिरासदारी होती. १९७७ साली अमेरिकेत ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० अशी तीन यंत्रे बाजारात आली आणि सामान्य माणसाच्या टेबलावर मावेल असा संगणक प्रथमच तयार स्थितीत विकत मिळू लागला. पुढे १९८१ साली इंग्लंडमध्ये एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आणि १९८२ साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम ही यंत्रे निघाली. स्पेक्ट्रमची किंमत आरंभी १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रास १२५ पौंड व ४८ किलोबाइटच्या यंत्रास १७५ पौंड अशी होती. या यंत्रास स्वतःचा पडदा नव्हता. घरातील टीव्ही हाच त्याचा पडदा आणि घरातील कॅसेट टेपरेकॉर्डर हेच त्याचे कपाट! यंत्राची खूण एवढीच, की विजेचे बटण दाबताच ते तत्काळ जागे होई आणि तुमच्या आज्ञेची वाट पाहत थांबे.

ही आज्ञा 'बेसिक' नावाच्या भाषेत द्यावयाची. ही भाषा १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी रचली. विज्ञान व गणित हे ज्यांचे विषय नाहीत, अशा विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा उद्देश होता. आमच्यासारख्या कलाशाखेच्या माणसाला हे वाचून केवढा धीर आला, हे काय सांगावे!

भारतातील आगमन

१९८२ साली आपल्या देशात रंगीत दूरदर्शन सुरू झाले आणि घरोघरी टीव्ही येऊ लागले. त्यानंतर थोड्याच काळाने, १९८४-८५ मध्ये, भारत सरकारने शाळांतील संगणक-साक्षरतेसाठी 'क्लास' या नावाची योजना आखली. आरंभी सुमारे २५० शाळा निवडण्यात आल्या व त्यांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. पंजाबातील मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात हाच संगणक 'युनिकॉर्न' या नावाने तयार होऊ लागला. आज पन्नाशीत असलेल्या अनेक अभियंत्यांनी संगणकाची पहिली कळ याच यंत्रावर दाबलेली आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध पुण्यावरून येतो. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने मूळ कंपनीच्या परवान्याने स्पेक्ट्रम प्लस हे यंत्र भारतात विकण्यास काढले. त्याचे नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. काळा देह, ५८ कळा आणि वहीएवढा आकार. मध्यमवर्गीय मराठी घरांत जे पहिले संगणक आले, त्यांत या यंत्राचा समावेश होतो. आमची कथा याच यंत्राची आहे.

पूर आणि माळा

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्याच्या अनेक वस्त्यांत शिरले, हे तुम्हाला सांगावयास नको. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरांतील वह्या-पुस्तके त्यात गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन परिचितांच्या घरी आवराआवरीस मदत करण्यास जात होतो. त्यांत गणिताचे एक सेवानिवृत्त शिक्षक होते. त्यांना आम्ही सर्वजण गुरुजी म्हणतो. त्यांच्या घराच्या दाराशी भिजलेल्या सामानाचा ढीग पडला होता. माळ्यावरील वस्तू कोरड्या होत्या, पण आता त्याही काढून टाकाव्या, असे घरच्या मंडळींनी ठरविले होते. भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेल्या एका खोक्यात आमच्या नववीतील एका मुलीला काळ्या कळा दिसल्या. "सर, हा टाइपरायटर आहे का?" तिने विचारले. गुरुजी म्हणाले, "नाही बाळ, तो माझा संगणक आहे. मुलीसाठी पुण्याहून आणला होता."

यंत्र वाचले होते. परंतु त्याच्या चार कॅसेटी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होत्या आणि त्या दोन दिवस गढूळ पाण्यात बुडाल्या होत्या. गुरुजींनी मुलीसाठी व शिकवणीच्या मुलांसाठी स्वतः लिहिलेल्या सर्व आज्ञावली त्या चार कॅसेटींतच होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. गुरुजींनी आम्हाला यंत्र व कॅसेटी दिल्या आणि एवढेच म्हणाले, "जमले तर पाहा. नाही जमले, तर मला सांगू नका."

आमची चूक

आता आमच्या हातून जो प्रमाद घडला, तो प्रांजळपणे सांगणे भाग आहे. यंत्र शाळेत आणल्यावर मुलांची उत्सुकता आणि आमचीही अधीरता एवढी वाढली, की आम्ही घरातील एक ९ व्होल्टचा अडॅप्टर शोधून तो सरळ जोडला. बहुतेक अडॅप्टरांच्या टोकाला आतील बाजू धन व बाहेरील बाजू ऋण असते. स्पेक्ट्रमची रचना याच्या नेमकी उलट आहे.  आम्ही ते पाहिले नाही. क्षणभर जळका वास आला आणि पडदा काळाच राहिला. पस्तीस वर्षे माळ्यावर आणि एक महापूर यांतून तरलेले यंत्र आमच्या एका क्षणाच्या घाईने बंद पडले. मुले गप्प झाली. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका वयोवृद्ध कारागिराकडे गेलो. त्यांनी यंत्र उघडले, मीटरने व्होल्टेज तपासले व एक ट्रान्झिस्टर जळाला आहे हे शोधून तो बदलला. पुन्हा वीज दिली, तेव्हा पडदा उजळला खरा, पण त्यावर संदेशाऐवजी हिरव्या पार्श्वभूमीवर लाल उभ्या रेषा उमटल्या. कारागीर म्हणाले, "आतील आठ मेमरी चिपांपैकी एखादी गेली असेल, कोणती, ते एकेक काढून पाहावे लागेल." परंतु तशी पाळी आली नाही. ती चिप आमच्या विद्यार्थ्यांनी केवळ गणिताने शोधून काढली. ते कसे, हे समजण्यासाठी यंत्राच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे.

आठ घरांचे गणित

संगणक प्रत्येक गोष्ट शून्य व एक या दोनच अंकांत लिहितो. असे आठ अंक एकत्र आले, की एक बाइट होतो. आपण दशमान पद्धतीत एकं, दहं, शतं अशी घरे मांडतो. येथे घरांची किंमत उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशी दुप्पट होत जाते. ज्या घरात एक असेल त्याची किंमत धरावयाची, शून्य असेल त्याची सोडून द्यावयाची. उदाहरणार्थ, ०१००००१० म्हणजे ६४ अधिक २, अर्थात ६६.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ असे एकूण ४९,१५२ बिंदू असतात. प्रत्येक बाइट हा आठ बिंदूंची एक आडवी रेघ होय: एक असेल तेथे शाईचा बिंदू उमटतो, शून्य असेल तेथे कोरी जागा राहते. म्हणजे पडदा हा यंत्राच्या स्मृतीचेच चित्र आहे! स्मृतीत जे लिहिले असेल ते डोळ्यांना दिसते.

खालच्या १६ किलोबाइट स्मृतीसाठी यंत्रात आठ चिपा असतात आणि प्रत्येक चिप प्रत्येक बाइटातील एकेकच घर सांभाळते. एक चिप सर्व बाइटांतील एकाची घरे, दुसरी दोनाची, तिसरी चाराची, याप्रमाणे. वीज येताच यंत्र स्वतःची परीक्षा घेते: स्मृतीच्या प्रत्येक घरात २ हा अंक लिहिते आणि मग तो दोनदा एकेकाने कमी करून शून्य येते का, हे पाहते. स्मृतीत दोष असला, तर परीक्षा तेथेच थांबते आणि लिहिलेले अंक पडद्यावर तसेच राहतात.

आता मुलांनी काय केले ते पाहा. भिंग घेऊन त्यांनी पडद्यावरील एका अक्षराएवढ्या जागेतील रेषा मोजल्या. प्रत्येक आठ बिंदूंत दोन रेषा होत्या: डावीकडून तिसऱ्या आणि सातव्या स्थानी. म्हणजे बाइट झाला ००१०००१०, अर्थात ३४. यंत्राने लिहावयास हवे होते २. वाचले जात होते ३४. जादा आले ३२. म्हणून ३२ चे घर सांभाळणारी चिप दोषी! रंगही हेच सांगत होते, कारण या यंत्रात ३४ या रंग-अंकाचा अर्थ हिरव्या कागदावर तांबडी शाई असाच होतो. कारागिरांनी तेवढीच चिप काढून दुसरी बसविली. वीज दिली. पडदा पांढरा झाला आणि खाली सिंक्लेअर कंपनीचे नाव व १९८२ हे साल उमटले. कारागिरांनी मुलांच्या पाठीवर थाप मारली आणि मजुरी घेण्याचे नाकारले.

मित्रहो, हा प्रसंग विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. आज तुमच्या घरातील मोबाइलमध्ये ८ गिगाबाइट स्मृती असेल, तर ती या यंत्राच्या स्मृतीच्या सुमारे पावणेदोन लाख पट आहे. सामर्थ्यात त्यांची तुलनाच नाही. परंतु तो मोबाइल बिघडला, तर त्याच्या पडद्यावरील रेषा मोजून कोणी विद्यार्थी दोषी भाग सांगू शकेल काय? हे जुने यंत्र नववीतील मुलाला संपूर्णपणे समजू शकते. कळ दाबल्यापासून बिंदू उमटेपर्यंत मध्ये कोणतेही गूढ राहत नाही. हेच त्याचे खरे मोल. विशेष हे, की ज्या कंपनीने शाळांसाठी बीबीसी मायक्रो केला, त्याच कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी १९८५ साली 'आर्म' या प्रक्रियकाची पहिली चिप सिद्ध केली. आजच्या जवळजवळ सर्व मोबाइल फोनांत त्याचेच वंशज काम करीत आहेत. तेव्हा लहान यंत्र समजून घेणे म्हणजे मोठ्या यंत्राची मुळाक्षरे गिरविणेच होय.

फितीवरील पाढे

यंत्र चालू झाले. पण कॅसेटींचे काय? घाईचा धडा आम्हाला मिळाला होता. या वेळी आम्ही आधी विचारले, वाचले आणि मगच हात लावला. ओली किंवा चिखल बसलेली फीत टेपरेकॉर्डरमध्ये कधीही घालू नये. फीत तुटते आणि यंत्राचे डोकेही खराब होते. कॅसेटींचे स्क्रू काढून फितीची रिळे बाहेर घेतली, ती स्वच्छ ऊर्ध्वपातित पाण्यात हलक्या हाताने धुतली आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासूनही दूर, कित्येक दिवस वाळू दिली. उन्हात वा हीटरपुढे फीत ठेवल्यास ती आकसते. मग ती नव्या कॅसेटींच्या घरांत बसविली.

फितीवर संगणकाची अक्षरे आवाजाच्या रूपाने असतात. शून्यासाठी आखूड ठोका आणि एकासाठी त्याच्या दुप्पट लांब ठोका, असे सेकंदाला सरासरी सुमारे १,५०० ठोके. ४८ किलोबाइट म्हणजे ३,९३,२१६ घरे. ती सर्व फितीवरून वाचण्यास सुमारे साडेचार मिनिटे लागतात. तेवढा वेळ कर्कश किरकिर ऐकू येते आणि पडद्याच्या कडेला प्रथम तांबड्या-आकाशी व नंतर पिवळ्या-निळ्या पट्ट्या धावत राहतात. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक पडताळ्याचा अंक असतो. तो जुळला नाही, तर यंत्र फीत वाचण्यात चूक झाल्याचे सांगून थांबते.

आम्ही प्रत्येक फीत एकदाच वाजविली आणि तिचा आवाज जसाच्या तसा, आकुंचन न करता, आधुनिक संगणकावर ध्वनिमुद्रित करून घेतला. पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर केले. चारांपैकी दोन कॅसेटी पूर्ण वाचता आल्या. तिसरीत पाढ्यांची आज्ञावली होती. ती मध्येच अडली. पुन्हा केली, पुन्हा अडली. तेव्हा एका मुलाच्या लक्षात आले, की नोंद संपल्यावर थोड्या शांततेनंतर तीच किरकिर पुन्हा सुरू होते. गुरुजींनी प्रत्येक आज्ञावली फितीवर लागोपाठ दोनदा नोंदविली होती! दुसरी नोंद निर्दोष निघाली.

पडद्यावर मराठी अक्षरे उमटली, तेव्हा आम्ही खरोखरच चकित झालो. कारण या यंत्राला देवनागरी ठाऊक नाही. मात्र त्यात वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हे घडविण्याची सोय आहे. प्रत्येक चिन्ह आठ ओळी व आठ स्तंभ यांच्या चौकटीत बसवावयाचे आणि आठ ओळींचे आठ अंक यंत्राला द्यावयाचे. गुरुजींचे 'प' हे अक्षर असे आहे:

०००००००० म्हणजे ०
०००००००० म्हणजे ०
११११११११ म्हणजे २५५
०१००००१० म्हणजे ६६
०१००००१० म्हणजे ६६
००१११११० म्हणजे ६२
००००००१० म्हणजे २
००००००१० म्हणजे २

आलेखाच्या कागदावर एक असेल तेथील चौकोन काळे करा. शिरोरेघेखाली 'प' डोळ्यांपुढे उभा राहील. वरच्या दोन ओळी मोकळ्या का? शिरोरेघ सर्व अक्षरांत एकाच उंचीवर यावी आणि वेलांटीला तिच्यावर जागा राहावी म्हणून.

आज्ञावलीत पाच पाढे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी. आता हिशेब पाहा. ही पाच नावे लिहिण्यास प, व, क, न, म, ण, स, य, द, ड ही दहा व्यंजने, ऊ हा एक स्वर आणि काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी अशी एकूण १४ चिन्हे लागतात. मराठी अंकांची दहा चिन्हे मिळविली, तर २४ होतात. यंत्र देते २१. तीन जास्त! म्हणून गुरुजींनी नावे मराठीत ठेवली आणि अंक यंत्राजवळ तयार होते ते इंग्रजी घेतले. पडद्यावर 'सवायकी' असे लिहून येते, शेजारी ८ हा अंक दिसतो आणि यंत्र उत्तराची वाट पाहते. १० हे उत्तर दिले, की आनंदाचा सूर वाजतो. दिडकीत ७ आले, तर साडेदहा लिहावे लागतात. आमच्या वर्गातील मुलांना पहिल्या दिवशी पाचांपैकी तीन उत्तरे धडपणे देता आली नाहीत, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी. आज तीच मुले मधल्या सुट्टीत यंत्रापुढे रांग लावतात.

चौथी कॅसेट मात्र गेली. तिच्या फितीवरील लोहाचा थर सुटून आला होता. तिच्यात रांगोळीचे ठिपके मांडून त्यांतून आकृत्या काढणारी आज्ञावली होती आणि ती गुरुजींना सर्वांत प्रिय होती. त्यांनी "मला सांगू नका" असे म्हटले होते. तरीही आम्ही सांगितले, कारण तीन कॅसेटींची आनंदाची बातमी देताना चौथीविषयी मौन धरणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "आठवते थोडे थोडे. यंत्र चालते आहे ना? मग मी शनिवारी येतो." तेव्हापासून वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुरुजी दर शनिवारी शाळेत येतात आणि मुलांबरोबर ती आज्ञावली नव्याने लिहीत आहेत. अजून ती पुरी झालेली नाही. यंत्र काचेच्या कपाटात ठेवले असते, तर हे शनिवार आम्हाला लाभले नसते.

संग्राहकाने काय पाळावे?

ज्यांना या छंदाची आवड उत्पन्न होईल, त्यांच्यासाठी अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की जुने यंत्र हाती येताच ते चालू करू नये. आधी विद्युतपुरवठ्याचे व्होल्टेज व त्याची धन-ऋण बाजू तपासावी. बीबीसी मायक्रोसारख्या ज्या यंत्रांत २३० व्होल्टची वीज थेट आत जाते, त्यांचा तो भाग विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. त्यातील जुने कपॅसिटर तडकतात आणि धूर करतात. ते काम जाणकार कारागिराचेच.

दुसरी गोष्ट हवामानाची. आमच्या कोकण किनाऱ्यावर खाऱ्या दमट हवेने धातूला गंज चढतो व फितीला बुरशी येते. वडोदऱ्यात वैशाखातील उष्म्याने प्लास्टिक व रबर कडक होते. कळांखालची पातळ पटले याच कारणाने तडकतात; आमच्या यंत्रातही ती बदलावी लागली. यंत्र कोरड्या, सावलीच्या व पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे आणि महिन्यातून एकदा थोडा वेळ चालवावे.

तिसरी गोष्ट प्रतींची. फीत असो वा कागद, प्रथम तिची प्रत करावी. जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल आधुनिक संगणकावर करणाऱ्या 'फ्यूज'सारख्या विनामूल्य आज्ञावली उपलब्ध आहेत. २०२४ साली स्पेक्ट्रमच्या रूपाचे एक नवे यंत्रही बाजारात आले. त्याच्या पोटातही अशी नक्कलच आहे. काही जण म्हणतात, नक्कल असताना मूळ यंत्र कशास हवे? आमचे मत असे, की दोन्ही हवीत. नक्कल ही पोथीच्या छापील प्रतीसारखी आहे. तिच्यामुळे पोथी सर्वांना वाचता येते आणि मूळ पोथीला रोज हात लावावा लागत नाही. पण बिघडलेल्या चिपेच्या लाल रेषा आमच्या मुलांना नकलेत कधीच दिसल्या नसत्या.

चौथी गोष्ट लोभाची. बंद डब्यातील यंत्र मोठ्या किमतीस विकत घेऊन कपाटात रचणे हा संग्रह नव्हे, ती साठवण होय. या यंत्रांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. १९७६ पासून बनत आलेल्या आणि स्पेक्ट्रमचा मेंदू असलेल्या झेड-८० या मूळ चिपेच्या मागण्या घेणे झायलॉग कंपनीने २०२४ साली थांबविले. म्हणून एकाने दहा यंत्रे अडवून ठेवण्यापेक्षा दहा शाळांत एकेक यंत्र चालते राहणे अधिक बरे. इंग्लंडमध्ये ब्लेच्ली पार्क येथील संगणक संग्रहालयात बीबीसी मायक्रो यंत्रांचा एक वर्गच मांडलेला आहे आणि तेथे येणारी शाळकरी मुले त्यांवर स्वतः आज्ञा लिहून पाहतात.

समारोप

आपल्या वडोदऱ्याला ही दृष्टी परकी नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी येथे कलाभवन स्थापन केले, ते हाताने काम करीत विद्या शिकता यावी म्हणूनच. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. पुढे बडोदे संस्थानात फिरती वाचनालये निघाली. पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव जात, तेथे वाचल्या जात आणि पुढच्या गावी जात. पुस्तके झिजतील म्हणून ती कुलुपात ठेवावी, असा विचार त्या राज्याने केला नाही.

आमचाही तोच संकल्प आहे. गुरुजींच्या संमतीने यंत्र, एक जुना टीव्ही, कॅसेटींच्या प्रती आणि आलेखाच्या कागदाची एक वही अशी पेटी आम्ही तयार केली आहे. ती एकेका वर्गात एकेक महिना राहील. अडॅप्टरवर मात्र तांबड्या अक्षरांत "हाच वापरा" असे लिहून ठेवले आहे! तुमच्या घरीही माळ्यावर एखादे काळे खोके असेल. ते भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा आणि ते कोणी, कोणासाठी आणले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.

स्वाध्याय

१. ०, ०, २५५, २, ६२, ६६, ६२, २ या आठ अंकांचे चिन्ह आलेखाच्या कागदावर काढा. कोणते अक्षर झाले?
२. वरील रीतीने 'म' हे अक्षर चौकटीत बसवा व त्याचे आठ अंक लिहा.
३. पडद्याचे एक चित्र रंगांसह ६,९१२ बाइटांचे असते. सेकंदाला १,५०० घरे या वेगाने ते फितीवरून वाचण्यास किती वेळ लागेल?
४. परीक्षेच्या वेळी रेषा डावीकडून पाचव्या व सातव्या स्थानी दिसल्या असत्या, तर कोणती चिप दोषी ठरली असती?